टीव्ही, डीटीएच, साउंडबार आणि फायर स्टिक एकाच रिमोटवर चालवायचे आहेत. कोणता युनिव्हर्सल रिमोट घ्यावा?

रिमोटचं मॉडेल नंतर. आधी चारपैकी काय काय आयआरवर (इन्फ्रारेड, म्हणजे रिमोटच्या टोकातून निघणारा न दिसणारा प्रकाश) चालतं ते बघा. फायर स्टिकमध्ये आयआर रिसीव्हरच नसतो. तिचा रिमोट स्टिकशी ब्लूटूथवर बोलतो, फक्त पॉवर आणि आवाजाची बटणं टीव्हीकडे आयआर फेकतात. म्हणून खोक्यावर 'ऑल इन वन' छापलेला आयआर रिमोट आणलात तरी स्टिक ढिम्म हलणार नाही. तिच्यासाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी, म्हणजे एचडीएमआय वायरीतूनच एका वस्तूने दुसरीला हुकूम देण्याची सोय, चालू करा (सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक). मग टीव्हीच्या रिमोटच्या बाणांवर स्टिक चालते. साउंडबार टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टात (तिथून टीव्हीचा आवाज बाहेर जातो) लावा, त्याचा आवाज टीव्हीच्याच बटणावर येतो. दोन वस्तू इथेच निपटल्या.

उरलेल्या दोघांसाठी साधा लर्निंग रिमोट, म्हणजे जुन्या रिमोटकडून त्याचे कोड शिकून घेणारा, पुरे. वायफाय ब्लास्टरच्या, म्हणजे फोनच्या अ‍ॅपवरून हुकूम घेऊन आयआर फेकणाऱ्या डबीच्या, नादी लागू नका.

आमच्या दाजींनी परभणीत हट्टाने तोच बसवला. अ‍ॅपमध्ये एक बटण: टीव्ही पॉवर, बॉक्स पॉवर, साउंडबार पॉवर. लाईट जाईस्तोवर झकास. लाईट आली की बॉक्स आपोआप चालू होतो, टीव्ही आणि साउंडबार मात्र स्टँडबायवर. मग ते बटण दाबलं की टीव्ही लागतो आणि बॉक्स बंद पडतो, कारण पॉवरचा कोड एकच असतो, चालू असेल ते बंद आणि बंद असेल ते चालू. वर राउटर उठेपर्यंत अ‍ॅप 'ऑफलाईन' दाखवतं. अशा मॅक्रोला, म्हणजे एकाच बटणावर ओळीने अनेक हुकूम सोडणाऱ्या सोयीला, 'ऑन' आणि 'ऑफ'चे वेगळे कोड लागतात. बऱ्याच टीव्हींना ते कळतात, पण कंपनीच्या रिमोटवर तशी बटणंच नसतात, म्हणजे शिकवायचे कुठून? भारनियमनाच्या गावात बॉक्सची पॉवर मॅक्रोत घालूच नये. दाजी अजून म्हणतात, दोष महावितरणचा.

शिकवताना दोन्ही रिमोट तोंडाला तोंड, दोन-तीन सेंटिमीटरवर, सावलीत ठेवा. ऊन थेट पडलं तर कोड नीट उमटत नाही. नव्या रिमोटवर सेट दाबून दिवा स्थिर झाला की त्याचं हवं ते बटण, मग मूळ रिमोटचं तेच बटण, एकदाच आणि हलकं. दाबून धरू नका. मूळ रिमोटचे सेल ताजे हवेत. शंका आली तर मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बघा, बटण दाबल्यावर एलईडी जांभळट लुकलुकला पाहिजे.

एखादं बटण एकदा चालतं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की चालत नाही, तर वस्तू बहुधा फिलिप्सच्या आरसी-५ या कोड पाठवण्याच्या पद्धतीची आहे. तिथे प्रत्येक दाबाला कोडातला एक बिट (0 किंवा 1) उलटावा लागतो, शिकलेला रिमोट तोच जुना बिट पाठवत राहतो. अशा वेळी शिकवण्याऐवजी कंपनीचा कोड नंबर टाकून चालणारा रिमोट घ्या.

लॉजिटेकचा हार्मनी हा युनिव्हर्सल रिमोट कुणी सुचवला तर सोडा, त्याचं उत्पादन 2021 मध्येच थांबलं.

आणि हो, डीटीएचच्या बऱ्याच रिमोटवर टीव्हीची चार-पाच बटणं शिकवता येतात. तुमच्याकडे तसा असेल तर नवीन काही घ्यायचीच गरज नाही. एसी मात्र यात धरू नका. त्याचा रिमोट दर दाबाला तापमान, मोड, पंखा असं सगळंच एका लांब कोडात पाठवतो, स्वस्त लर्निंग रिमोटला तेवढं साठवता येत नाही.