जुन्या घराचे नूतनीकरण करावे की ते पाडून मनाप्रमाणे नवे घर बांधावे?

घराचा पाया, खांब, तुळया आणि स्लॅब सुस्थितीत असतील व तक्रारी खोल्यांची मांडणी, गळके नळ, जुनी वायरिंग किंवा अपुरा उजेड एवढ्यापुरत्याच असतील, तर नूतनीकरण करावे. सांगाडाच दुरुस्तीपलीकडे गेला असेल, तर नवे घर बांधावे. फरशी, नळजोडणी आणि खिडक्या केव्हाही बदलता येतात, परंतु काँक्रीटमधील सळई गंजू लागली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्या दाबाने बाहेरचा थर फुटतो, आणि वरून केलेले प्लास्टर हे नुकसान काही काळ केवळ झाकून ठेवते. म्हणून खर्चाचे अंदाजपत्रक मागवण्यापूर्वीच स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी आणि तीत पुढील गोष्टी आवर्जून पाहाव्यात:

– रिबाउंड हॅमर (पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारे उपकरण) व अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरी आरपार सोडून केलेल्या) चाचणीतून कळणारी काँक्रीटची अवस्था;
– सळईचा गंज, तसेच कार्बोनेशन, म्हणजे हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची सळईला गंजापासून वाचवणारी क्षारता कमी होणे, सळईपर्यंत पोहोचले आहे का;
– भिंतींतील तिरक्या, रुंदावत जाणाऱ्या भेगा. पाया असमान खचत असल्याचे ते लक्षण असू शकते, आणि माझ्या मते यांपैकी सर्वांत गंभीर बाब हीच.

मात्र सांगाडा निकामी ठरला तरी घर लगेच पाडू नये. सध्याच्या बांधकाम नियमांनुसार भोवती अधिक मोकळी जागा सोडावी लागत असेल, तर त्याच भूखंडावर पूर्वीएवढे घर बांधण्याची परवानगी मिळेलच असे नाही, त्यामुळे ती चौकशी आधी करावी.