गुडघे दुखतात, सायकल बंद करू का?

प्रश्न: माझं वय ५८, दोन्ही गुडघ्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस (सांध्याची झीज) आहे. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा, पण सायकल चालवली की गुडघ्याच्या वाटीजवळ पुढच्या बाजूला दुखतं. बंदच करू का?

उत्तर: लगेच बंद नका करू हो. सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीटवर जातं त्यामुळे धावताना बसतात तसे हादरे गुडघ्याला बसत नाहीत, आणि कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत थराला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, म्हणून सांधा हलता राहायलाच हवा. तुमचं दुखणं वाटीजवळ आहे तर आधी सीट बघा, बरेचदा ती खूप खाली असते. पेडल अगदी खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशच वाकलेला हवा. पण एकदम वर नका घेऊ, जास्त वर गेली की गुडघ्याच्या मागे दुखायला लागतं. आणि गिअर! जड गिअरवर जोर लावत चढ चढणं मला सगळ्यात वाईट वाटतं, हलका गिअर टाका आणि पाय भरभर फिरू द्या. सुरुवातीला सपाट रस्त्यावर १० मिनिटं पुरे. थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शांत झालं तर चालतं, नाही झालं तर पुढच्या वेळी अंतर कमी करा. गुडघा सुजला, गरम लागला किंवा अडकायला लागला तर मात्र सायकल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.