डबा उलटा करा, मग बोलू

ह्या वेळी पत्रांमध्ये कॉफीच कॉफी आहे, थंडी पडली की होतंच असं. तीन पत्रं घेतलीत, मधल्याला जरा जास्त जागा दिलीय, का ते वाचल्यावर कळेल.

ताई, मुलगा ओसाकाला असतो, दिवाळीला आला तो पिशवीभर कॉफीचे छोटे डबे घेऊन. ह्यांना शुगर आहे, वय ६४, आणि दुपारी माझा डोळा लागला की हे हळूच एक डबा मारतात. वर सगळं जपानी. मुलगा म्हणाला तिकडे मशिनमधून गरम डबा येतो, तर ह्यांनी एक बंद डबा थेट गॅसवर ठेवायला घेतला होता! – एक वाचक, डोंबिवली

काकू, आधी तो गॅस. बंद डबा गॅसवर नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच नाही. वाफेला जायला जागा नसते, फुटला तर तोंडावर येईल. पातेलीत ओता आणि चहासारखं गरम करा. तिकडच्या मशिनमध्ये डबे उकळत नसतात, ५५-६० डिग्रीला धरून ठेवलेले असतात, बटणाखाली लाल पट्टी म्हणजे गरम आणि निळी म्हणजे गार.

आता साखर. डब्याचा फोटो मुलाला पाठवा आणि दोनच शब्द विचारा. एक 'बितोऽ', म्हणजे साखर कमी, १०० मिलीला अडीच ग्रॅमपर्यंत. दुसरा 'मुतोऽ' (हसून घ्या, मीपण हसले होते), म्हणजे बिनसाखरेची, १०० मिलीला अर्ध्या ग्रॅमच्या आत. दोन्ही नसतील तर गोड आहे असंच धरून चाला. आणि मागचे आकडे बरेचदा १०० ग्रॅमचे असतात, अख्ख्या डब्याचे नसतात, तिथेच आपण फसतो. समजा कार्बोहायड्रेट ७ ग्रॅम लिहिलंय आणि डबा १८५ ग्रॅमचा आहे, तर झाले १३ ग्रॅम, म्हणजे जवळपास तीन चमचे साखर. काकांना 'मुतोऽ'वाला द्या, बाकीचे शेजारी वाटून टाका, आणि डॉक्टरांच्या कानावर घालाच.

जाता जाता एक गंमत. तिकडे नुसतं 'कॉफी' लिहायलाही नियम आहे, १०० ग्रॅममध्ये निदान ५ ग्रॅम कच्च्या बियांइतकी कॉफी लागते, त्याहून कमी असेल तर 'कॉफी पेय', अजून कमी तर 'कॉफी घातलेलं पेय'. दुधाचा अंश ३ टक्के झाला की ते चक्क दुग्धपेय! १९६९ साली यूसीसी ह्या जपानी कॉफी कंपनीच्या ताडाओ उएशिमांनी दूधवाली कॉफी डब्यात आणली. गोष्ट अशी सांगतात की ते स्टेशनवर बाटलीतली कॉफी पीत होते, गाडी सुटायला लागली, बाटली दुकानात परत द्यायची म्हणून अर्धी कॉफी सोडून पळावं लागलं, ते मनाला लागलं. पुढच्याच वर्षी ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात तो डबा धडाक्यात खपला. तर तो डबासुद्धा कागदोपत्री दुग्धपेयच.

ताई, आम्ही लांज्याजवळ राहतो. सासूबाई टाकळ्याच्या बियांची कॉफी करायच्या, आता त्या नाहीत. सून गरोदर आहे, पाचवा महिना, डॉक्टरांनी कॉफी कमी करायला सांगितलीय. टाकळा काय, बांधावर हवा तेवढा आहे. त्यात कॅफीन नसतं ना? मग देऊ का? – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

कॅफीन नसतं, बरोबर. तरी सुनेला देऊ नका. टाकळ्याच्या बियांमध्ये पोट साफ करणारी द्रव्यं असतात, सोनामुखीच्या जातीतलंच झाड ते, आणि गरोदरपणात असले प्रयोग नकोतच.

पण मला खरी भीती दुसरीच आहे. बांधावर टाकळ्याला लागूनच कासविंदा उगवतो, काही ठिकाणी त्यालाच रानटाकळा म्हणतात, फुलं दोघांची पिवळी, शेंगा एकाच सुमारास वाळतात, आणि गोळा करायला आपण पाठवतो पोरांना. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात बिजनौरच्या बाजूला दर थंडीत लहान मुलं अचानक उलट्या होऊन बेशुद्ध पडायची, कित्येक दगावली, वर्षानुवर्षं सगळे मेंदूज्वरच समजत होते, मग कळलं की मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खात होती. बिया भाजल्या की विष जातं असं धरून अजिबात चालू नका.

ओळखायचं असं. टाकळ्याच्या पानाला छोट्या पानांच्या बहुधा तीनच जोड्या, टोकाला गोल आणि रुंद, पावसाळ्यात भाजीला खुडतो तीच. शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली, बी चकचकीत, कोनेदार, मेथीच्या दाण्याची आठवण करून देणारं. कासविंद्याला चार-पाच जोड्या, पान टोकाला अणकुचीदार, शेंग चपटी, कडेला फिकट रेघ, बी पण चपटं. वाळलेल्या बियांचा ढीग समोर आला आणि शेंग बघितलेली नसेल तर टाकून द्या, बाजारातून सुट्या आणलेल्या असतील तरी.

सुनेला गव्हाची कॉफी द्या, गहू तिला चालत असेल तर. एक वाटी गहू लोखंडी कढईत मंद आचेवर, हात न थांबवता. आधी भाकरीसारखा वास येतो, मग तडतड होते, मग रंग चॉकलेटी होतो, आणि तिथून करपायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, तेव्हा फोन आला तरी घ्यायचा नाही. गार झाले की जाडसर दळा. एक चमचा पावडर कपभर पाण्यात पाच मिनिटं उकळा, गाळा, वरून गरम दूध, आणि गूळ गॅस बंद केल्यावरच, नाहीतर दूध फाटतं. जायफळ अगदी चिमूटभर. कॉफीसारखी लागते का, तर नाही लागत. पण संध्याकाळी हातात गरम कप असतो आणि बरेचदा तेवढंच हवं असतं.

आणि डॉक्टरांनी 'कमी करा' म्हटलंय, 'बंद' नाही. गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनपर्यंत चालतं असं सर्वसाधारणपणे मानतात, चहाचंही त्यातच धरायचं. तिचा सकाळचा एक कप हिसकावू नका हो.

रात्री उशिरापर्यंत काम असतं म्हणून डिकॅफ आणली, तरी झोप येत नाही. आणि फिल्टर कॉफीच्या पाकिटावर चिकोरी ४७% लिहिलंय, ही भेसळ आहे का? – एक वाचक, पुणे

डिकॅफ म्हणजे शून्य कॅफीन नव्हे दादा, साधारण ९७ टक्के काढलेलं असतं, थोडं उरतंच. पण त्या उरलेल्यानं तुमची झोप उडत असेल असं मला वाटत नाही, पाच वाजताची ऑफिसातली कॉफी आठवा. त्यातलं निम्मं कॅफीन रात्री दहालाही अंगात असतं, पाच-सहा तास लागतात निम्मं व्हायला.

चिकोरी भेसळ नाही. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि दोन्हीचं प्रमाण पाकिटावर छापायला हवं, तुमच्या पाकिटावर छापलंय, म्हणजे प्रामाणिक माणसं आहेत. चिकोरी हे भाजलेलं मूळ, गुजरातेत जामनगरकडे पिकतं, त्यात कॅफीन नसतं, रंग मात्र असा देते की कॉफी कडक वाटते. रात्रीसाठी नुसती चिकोरी मिळते ती आणा. फक्त पहिल्या दिवशी अर्धाच चमचा घाला, तिच्यातल्या इन्युलिन नावाच्या तंतूने काहींना गॅस होतो, आणि दुसऱ्या दिवशी मीटिंग असेल तर शनिवारीच ट्राय करा.