गाडीतलं कंपनीचं साउंड डेडनिंग काढल्यानं वजन किती कमी होतं? ड्राय आइसनं काढावं की हीट गननं?

प्रश्नात लिहिलंय की गाडी २०११ची स्विफ्ट आहे, ऑटोक्रॉससाठी (मैदानावर आखलेल्या वाटेनं घड्याळ लावून मारायची शर्यत) हलकी करायची आहे, म्हणून फ्लोअरवरचे डांबरी पॅड, म्हणजे तेच साउंड डेडनिंग, खरवडून काढायचे आहेत. आणि शेवटी एक वाक्य आहे, "गाडी घरच्यांच्या रोजच्या वापरातही राहील." ते वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो.

रोजच्या गाडीतून काढू नका. गाडी फक्त स्पर्धेची असेल, मागची सीट कायमची गेली असेल, आत केज (गाडी उलटली तर वाचवणारा पाइपांचा सांगाडा) बसणार असेल, तर काढा, पण सगळ्यात शेवटी.

ऐकीव सांगत नाही. २००८च्या मे महिन्यात मी आणि माझ्या आतेभावानं बाबांच्या झेनचं हेच केलं. गाडी १९९९ची, बाबांनी निवृत्तीच्या आधी हौसेनं घेतलेली आणि कागदोपत्रीही त्यांचीच. मी तेव्हा नुकताच पिथमपूरला नोकरीला लागलो होतो, इंदूरहून रोजची ये-जा, त्यामुळे गाडी माझ्या हातात आली. आतेभावाला ऑटोक्रॉसचं वेड. तो म्हणाला, "नुसत्या डांबरातून वीस-पंचवीस किलो आरामात निघतील." हा आकडा कुठून आणला ते मी विचारलं नाही. बाबांनाही विचारलं नाही, आणि ते जास्त चुकलं.

काम मात्र आम्ही नीट केलं. ड्राय आइसनंच केलं आणि काढायचंच असेल तर तुम्हीही तेच वापरा. हीट गननं पॅड मऊ पडतो, स्क्रेपरला लडबडतो, वास डोक्यात जातो आणि हात जरा जास्त वेळ थांबला की खालचा रंग फुगतो. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा. त्या थंडीत डांबर काचेसारखं ठिसूळ होतं.

सांवेर रोडवरून दहा किलो ड्राय आइस थर्माकोलच्या खोक्यात आणला. राजेंद्रनगरला आत्याच्या अंगणात गाडी लावली, सीटा, कार्पेट आणि त्याखालचा नमदा बाहेर काढला. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पॅडवर तुकडे पसरले. थोड्याच वेळात बारीक टक्-टक् सुरू झालं, काचेच्या गार ग्लासात उकळता चहा ओतल्यावर होतं तसं. दहा मिनिटांनी तुकडे बाजूला सारून डेंटरची लाकडी मोगरी मारली आणि पहिल्याच ठोक्याला पॅड पापडासारखा फुटला. खाली कंपनीचा रंग जसाच्या तसा, ओरखडासुद्धा नाही. उभ्या-तिरक्या जागी तुकडे टिकत नाहीत, तिथे भुकटी करून थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतायचं, लगदा होऊन चिकटून राहतो. (जवळपास ठिणगी, काडी, काहीही नको.) त्या दिवसाचं काम आठवलं की आजही बरं वाटतं.

संध्याकाळी सगळे तुकडे गव्हाच्या रिकाम्या पोत्यात भरले. आतेभावानं पोतं एका हातानं उचलून पाहिलं आणि म्हणाला, "वीस पक्के." मी म्हटलं, मोजू. कोपऱ्यावरच्या कबाडीवाल्याच्या काट्यावर पोत्यासकट भरलं सात किलो तीनशे ग्रॅम.

तिथून वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. त्याचं म्हणणं, बराचसा चुरा झाडताना गेला. पण काम सुरू करायच्या आधी आम्ही गाडी धर्मकाट्यावर नेली होती, आणि दुसऱ्या दिवशी सीटा, कार्पेट सगळं परत बसवून पुन्हा नेली. मध्ये पेट्रोल भरलं नव्हतं. दोन्ही पावत्यांवर ७५०. तो काटा ट्रकांसाठीचा, दहा-दहा किलोनं पुढे सरकणारा, त्यामुळे सात किलो त्याला दिसले नाहीत हे मान्य. पण वीस निघाले असते तर पावतीवर ७३० आलं असतं. वीस किलो लपवेल असा तो काटा नव्हता.

पुढच्या आठवड्यात त्यानं मैदानावर तोच फेरा आधीपेक्षा दीड सेकंद लवकर मारला. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात तो सांगतो की डांबर काढलं आणि झेन उडायला लागली. त्या दिवशी गाडीत आणखी काय नव्हतं ते तो सांगत नाही. मागची सीट घरी होती. स्टेपनी आणि जॅक घरी होते, आणि स्टेपनीच दहा-अकरा किलोंची. टाकी रिझर्व्हला आली होती. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, म्हणजे पस्तीस लिटरची टाकी अर्धी रिकामी असेल तर बारा-तेरा किलो तिथेच गेले. हे सगळं मिळून तीस किलोंच्या वर. या सगळ्यापुढे सात किलो म्हणजे साडेसातशेच्या गाडीत एक टक्काही नाही. तुमच्या स्विफ्टचं वजन हजार किलोंच्या आसपास. दहा किलो निघाले असं धरलं तरी एकच टक्का. त्यासाठी दोन दिवस खाली बसून मोगरी मारण्यापेक्षा स्पर्धेच्या दिवशी पाच लिटर पेट्रोलवर जा, स्टेपनी घरी ठेवा, टायर चांगले घाला. संध्याकाळी सगळं परत जागेवर बसतं.

आता गाडीत काय झालं ते. ते पॅड आवाज "अडवतात" असं बहुतेकांना वाटतं. त्यांचं मुख्य काम ते नाही. पत्रा थरथरतो, ती थरथर डांबर स्वतःत जिरवून घेतं. उघड्या फ्लोअरवर बोटाच्या पेरानं ठोका, टण्ण वाजतं आणि वाजत राहतं. पॅडवर ठोका, ठप्प, संपलं. म्हणून कंपनी ते रंगाच्या भट्टीत पत्र्यावर वितळवून बसवते, आणि बसवते तेही नेमक्या जागी, जिथे पत्रा मोठा आणि सपाट असतो. आम्ही काढल्यावर राऊच्या पुढे साठच्या वर गेलं की गाडी घुमायला लागायची. टायरनं उडवलेला खडा पिंपावर आदळल्यासारखा वाजायचा. रेडिओ लावणं मी सोडून दिलं. पिथमपूरहून घरी आल्यावर अर्धा तास कुणाशी बोलू नये असं वाटायचं, आणि मी ते कामाच्या ताणावर ढकलत होतो.

जूनमध्ये, पावसाच्या आधी, आई-बाबांना ओंकारेश्वरला घेऊन गेलो. आई मागे बसली होती. भेरूघाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन रेटत असताना खालून जाणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपची धग थेट वर यायला लागली. आईनं चपला काढून ठेवल्या होत्या. थोड्या वेळानं आरशात पाहिलं तर ती पाय वर घेऊन मांडी घालून बसलेली. काही बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. "काय?" "काय?" असं तीन वेळा झालं आणि मग ती गप्प बसली. बाबा शेजारी बसून समोर बघत होते. बडवाह गेलं, मोरटक्का गेला, ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यांच्याच गाडीत. पुढच्या वेळी ओंकारेश्वरला दोघं बसनं गेले. मला आदल्या दिवशी नुसतं सांगितलं, "तू कशाला सुट्टी घेतोस."

दिवाळीच्या आधी मी फ्लोअरला नवे ब्यूटाइल रबराचे पॅड लावले, वर फॉइल असलेले. सगळा पत्रा झाकायची गरज नसते, सपाट भागांवर पंचवीस-तीस टक्के लावले तरी टण्ण जातं. मी टनेलवर (फ्लोअरच्या मधल्या उंचवट्यावर) आणि मागच्या पायांखाली जास्त लावले आणि सायलेन्सरच्या बाजूला उष्णतेचा वेगळा थर दिला. लावायच्या आधी सगळे मोजले, पाच किलो भरले. म्हणजे एवढ्या खटाटोपात झेन सव्वादोन किलोंनी हलकी झाली. हे मी आतेभावाला सांगितलंय, तो ऐकून घेत नाही. पॅड बसल्यावर बाबा खाली आले, वाकून आत हात घातला, पेरानं दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "हं." रविवारी आईला घेऊन स्वतः गाडी चालवत छावणीत भाजी आणायला गेले.

तरीही काढणारच असाल, तर काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. पत्र्याच्या जोडांवर जी रबरासारखी पट्टी दिसते ती डेडनिंग नाही, सीम सीलर आहे. ती पाणी अडवते. तिला मोगरी लागली तर पहिल्याच पावसाळ्यात कार्पेट ओलं होईल आणि गंज आत बसेल. जुन्या गाडीत पॅडच्या कडेखाली गंज निघाला, तर मात्र तेवढा भाग काढून गंज साफ करून प्रायमर मारणं योग्यच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मागची सीट रस्त्यावर कायमची काढून फिरू नका, आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदीत बदल होईल अशा फेरफाराबद्दलच आहे.

आणि ड्राय आइस. हातात चामड्याचे मोजे, काम उघड्यावर, चारही दारं उघडी. हवाबंद डब्यात कधीही ठेवू नका, फुटतो. आम्ही सांवेर रोडहून येताना ऊन मरणाचं होतं म्हणून आतेभावानं काचा वर करून एसी लावला. मरीमाता चौकापर्यंत दोघांचीही डोकी जड झाली, श्वास भरभर व्हायला लागला, आणि मला वाटलं ऊन लागलं. खोकं मागच्या सीटवर होतं आणि त्यातला कार्बन डायऑक्साइड गाडीत भरत होता. सिग्नलला पाण्याची बाटली घ्यायला मी काच खाली केली, म्हणून ते वेळीच लक्षात आलं. आणायचाच असेल तर चारही काचा पूर्ण खाली ठेवा, मेच्या उन्हातसुद्धा.