पर्समधली चिठ्ठी

कोल्हापूरहून आलेले तुमचे पत्र चार पानांचे आहे. सातव्या आणि आठव्या आठवड्यात असे दोनदा गर्भ गेले, दुसऱ्या खेपेच्या आदल्या आठवड्यात तुम्ही जोतिबाच्या पायऱ्या चढला होतात, आणि सासूबाई तेच बोलून दाखवतात म्हणून ‘माझेच चुकले का’ असे तुम्ही विचारता. शेवटच्या पानाच्या तळाशी मात्र बारीक अक्षरात लिहिले आहे: ‘जूनमध्ये अँटिकार्डिओलिपिन पॉझिटिव्ह आले होते. पुन्हा रक्त द्यायची चिठ्ठी पर्समध्येच आहे. दिवाळीनंतर परत प्रयत्न करायचे ठरले आहे.’

ही ओळ वाचून मला तुमचा राग आला. पायऱ्यांसाठी चार पाने, आणि चिठ्ठीला तळाची जागा!

पहिल्या तीन महिन्यांत जाणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. पायऱ्या चढल्याने ती चुकत नाही, आणि पपई खाल्ल्यानेही नाही.

आता चिठ्ठीविषयी. अँटिकार्डिओलिपिन ही शरीराने स्वतःविरुद्धच तयार केलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडीज). ती एखाद्या संसर्गानंतरही काही काळ रक्तात दिसतात आणि मग नाहीशी होतात, म्हणून एका पॉझिटिव्ह रिपोर्टवरून निदान होत नाही; किमान 12 आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा सापडली, तरच अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे अशा प्रतिपिंडांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा किंवा गर्भ जाण्याचा आजार, असल्याचे डॉक्टर धरून चालतात. पुन्हा पुन्हा गर्भ जाण्याच्या कारणांपैकी ज्यांवर खरोखर उपचार आहेत अशी कारणे थोडी आहेत, आणि हे त्यांतले एक आहे: कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि गर्भ राहिल्यावर रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने. टॉर्चची, म्हणजे रुबेलासारख्या काही संसर्गांची, तपासणी तुम्ही दोनदा करून घेतलीत, जिचा या शोधात फारसा उपयोग नसतो. जी करायला हवी होती ती पर्समध्ये घडी घालून राहिली.

जून उलटून चार महिने झाले आहेत. या सोमवारी राजारामपुरीत, शाहूपुरीत, जिथे पूर्वी रक्त दिले होते तिथेच जा आणि द्या. त्यासाठी सासूबाईंना विचारण्याची गरज नाही. ल्युपस अँटिकोॲग्युलंट आणि बीटा-2 ग्लायकोप्रोटीन या याच आजाराच्या दुसऱ्या दोन प्रतिपिंडांची तपासणीही चिठ्ठीवर आहे का, ते डॉक्टरांना फोन करून विचारा, आणि रक्त पातळ करणारे एखादे औषध चालू असेल तर लॅबमध्ये आधी सांगा. नवा रिपोर्ट जूनच्या रिपोर्टशेजारी डॉक्टरांच्या टेबलावर जाईपर्यंत दिवाळीनंतरचा बेत थांबवा.