माझा भाऊ 24 वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग आहे. घरात-बाहेर सगळे त्याच्या वतीने बोलतात. तो सगळ्याला हो म्हणतो, काहीच त्रास देत नाही. त्याला स्वतःसाठी बोलायला कसं शिकवू?

तुम्ही वर लिहिलंय ना की "तो सगळ्याला हो म्हणतो, काहीच त्रास देत नाही", मी तिथेच अडकले बघा. आमच्याकडे पण हेच कौतुकाने सांगायचे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात लग्न होऊन आले तेव्हा माझे दीर 22 वर्षांचे होते, आता 33 चे आहेत. नव्या सुनेला घरात कोणी काही विचारत नाही, भाऊजींनाही कोणी काही विचारत नव्हतं, त्यामुळे आमचं लवकर जमलं. गावात त्यांना सगळेच अरे-तुरे करायचे, दहा वर्षांची पोट्टी सुद्धा. मी मात्र रीत म्हणून "भाऊजी, तुम्ही" असंच बोलायचे, त्यात माझं काही मोठेपण नव्हतं, पण पुढे कळलं की त्यांना मोठ्या माणसासारखं बोलणारं गावात मी एकटीच होते.

तर हो ची गोष्ट. एकदा त्यांचा गाल सुजला, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "दुखते का?" हो. "लय नाही ना दुखत?" हो. "गोळीनं भागते ना?" हो. गोळ्या घेऊन घरी आलो आणि आठ दिवसांनी दाढेत पू झालेला, काढावीच लागली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की यांचं हो म्हणजे उत्तर नाहीच आहे, "मला रागावू नका" एवढाच त्याचा अर्थ आहे. लहानपणापासून नाही म्हटलं की ओरडा आणि हो म्हटलं की शहाणा बाळ, मग माणूस दुसरं काय शिकणार.

म्हणून भावाला बोलायला शिकवायच्या आधी एक करा, त्याचं हो तपासा. "चहा का दूध" विचारा, थोड्या वेळाने उलटं "दूध का चहा" विचारा. दोन्ही वेळेला शेवटचाच शब्द आला तर तो निवडत नाहीये, तुमचाच शब्द परत देतोय. मग तोंडी विचारणं सोडा, दोन्ही वस्तू समोर ठेवा, नाहीतर मोबाईलवर फोटो दाखवा. आणि विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. हे दहा मोजणं फार अवघड जातं, आमच्या घरात तीनच्या आत कोणीतरी उत्तर देऊन मोकळं व्हायचं, बहुतेक वेळा सासूबाई, आणि खरं सांगायचं तर कधी कधी मीच.

सगळ्यात आधी नाही शिकवा. आमच्याकडे पहिलं नाही वांग्याला आलं. ताटात वांगं पडलं अन् "मले नाही पायजे". बावीस वर्षं मुकाट्याने खात होते हो! सासूबाईंना राग आला, म्हणाल्या "आता हा डोक्शावर बसन", आणि पुढचे दोन-तीन महिने खरंच सगळ्यालाच नाही, आंघोळीला नाही, नव्या शर्टाला नाही, पोळ्याला बैल बघायला पण नाही. घाबरू नका, तुंबलेलं पाणी आहे, वाहून जातं. पण त्या काळात त्याच्या नाहीला घरात किंमत मिळाली पाहिजे, घरात ज्याचं नाही चालत नाही तो बाहेर काय बोलणार. आणि जिथे नाही चालणारच नाही तिथे विचारूच नका. झटक्याची गोळी घ्यायचीच असते, तिथे "गोळी घेता का" असं विचारून मग जबरदस्तीने दिली तर ती फसवणूक झाली. "गोळी आहे, गुळासोबत का पाण्यासोबत" एवढंच विचारायचं.

हे नाही अंगाला हात लावण्याच्या बाबतीत पण शिकवा, नात्यातल्या माणसाला सुद्धा. तुमचा भाऊ आहे, बहीण असती तर हे मी पहिल्याच ओळीत लिहिलं असतं, पण मुलांच्या बाबतीतही होतं आणि कोणी बोलत नाही. "मोठ्यांचं सगळं ऐकायचं" असं शिकवलेला माणूस फसवायला सगळ्यात सोपा.

आता बाहेरचं. आमच्या शेजारच्या वावरात भाऊजी दिवसभर कापूस वेचायचे आणि संध्याकाळी मिळायचा चहा अन् आलुबोंडा. बाकीच्या बायांना किलोवर पैसे. कोणाला यात काही चूक वाटत नव्हती, आमच्या घरच्यांना पण नाही, उलट "बिचारा रमते तिथं". मग आम्ही घरी एकच वाक्य घोकलं, "काटा दाखवा". मी शेतमालक व्हायचे, ते गाठोडं घेऊन यायचे, फार हसायचो. आकडे त्यांना नीट कळत नाहीत, तर काट्याचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि घरी दाखवायचा, एवढंच शिकवलं. पहिल्या दिवशी इतकं हळू बोलले की तो माणूस हसला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी भाऊजी गाठोड्यावर जाऊन बसले, मोजल्याशिवाय उठलेच नाहीत. हे काही मी शिकवलं नव्हतं.

सरावाला बाजार, एसटी, न्हावी, किराणा दुकान चांगलं, कारण तेच ते परत परत होतं. एसटीत दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे, तर कार्ड त्यांच्याच खिशात, कंडक्टरला दाखवायचं त्यांनीच. कंडक्टर विचारतो मात्र मलाच, "कुठी चालला हा?" मी काही बोलत नाही, भाऊजींकडे बघत राहते. बँकेत पण तेच. समोरच्याला दोन मिनिटं अवघडल्यासारखं होतं, होऊ द्यायचं. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून लॅमिनेट करून दिलंय, "मी हळू बोलतो. थोडं थांबा. मला विचारा." अडलं की तो काढतात.

पैसे पण हातात द्या, थोडे. आमचे भाऊजी एकदा बाजारातून तीन टॉर्च घेऊन आले. माझ्या नवऱ्याने तरी कोणत्या कामाच्या गोष्टीत पैसे उडवलेत!

कायद्याचं थोडं सांगते. 18 झाले की "कलेक्टर ऑफिसातून पालकत्व काढा" असं सगळे सांगतात. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात जिल्ह्याची स्थानिक समिती असते, कलेक्टर तिचे प्रमुख, ती पालक नेमते. काहींना लागतंच ते, मी नाही म्हणत नाही. पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 13 आणि 14 आहेत, त्यात दिव्यांग माणसाला कायद्यापुढे इतरांसारखाच मान आहे आणि पालकत्व मर्यादित आहे, म्हणजे ठराविक कामापुरतं, ठराविक काळापुरतं आणि निर्णय दोघांनी मिळून. त्यामुळे कोणी पालकत्वाचा कागद मागितला तर आधी विचारा, नेमका कशासाठी पाहिजे. याच कायद्याच्या कलम 92 मध्ये दिव्यांग माणसाचा चारचौघात मुद्दाम अपमान केला तर 6 महिने ते 5 वर्षं शिक्षा आहे. आम्ही पोलिसात गेलो नाही, पण पानटपरीवर माझ्या नवऱ्याने हे एकदा मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हापासून "येडा" कमी ऐकू येतं.

मतदानाचं पण. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे कोर्टाने "मनाने विकल" ठरवलं तरच या कारणाने मतदार यादीत नाव येत नाही, दिव्यांग सर्टिफिकेटने मत जात नाही. बूथवर एक जण म्हणाला, "याचं तुम्हीच टाका वयनी." भाऊजी घरी पुठ्ठ्यावर चिन्हं चिकटवून सराव करून आले होते, एकटेच आत गेले. कोणाला दिलं विचारलं तर म्हणाले, "सांगायचं नसते."

एकट्याने हे सगळं जड जातं. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावातले असे चौघं जण एसटी स्टँडजवळ झाडाखाली बसतात, आम्ही घरचे लांब टपरीवर. जगात पण हे असंच सुरू झालं, 1960 च्या दशकात स्वीडनमध्ये अशा लोकांचे क्लब होते, मग 1974 साली अमेरिकेत ओरेगनला त्यांनी स्वतःची परिषद भरवली, नाव पीपल फर्स्ट, म्हणजे आधी आम्ही माणसं. आमच्या चौघांना नाव-बिव काही नाही. पण ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ते त्यांना तिथेच कळलं, आणि गेल्या ग्रामसभेत भाऊजी उठून बोलले, "आमचे पाच टक्के कुठी हायेत?" पाहू म्हणाले. पुढच्या ग्रामसभेला परत विचारणार आहेत, सराव सुरू आहे.

हे पोस्ट करायच्या आधी भाऊजींना वाचून दाखवलं. एका लग्नातली गोष्ट लिहिली होती, ती त्यांनी काढायला लावली, काढली. टॉर्चची राहू द्या म्हणाले. आणि भरलं वांगं पण नाही, हे लिहा म्हणाले.