४-५ दिवसांच्या ट्रेकसाठी खांदे-पाठ न दुखणारी सॅक कशी निवडावी? ६० लिटरची घ्यावी की ७०?

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून दोघं जण उत्तराखंडातल्या हर की दूनला जाणार आहात, तंबू आणि स्वयंपाकाचं सामान स्वतःचं. उंची ५ फूट ३ इंच, वजन ५८ किलो. ऑनलाइन ७० लिटरची एक सॅक आवडली आहे, पण याआधी साध्या बॅगेने खांदे भरून आले म्हणून मनात शंका आहे.

ती ७० लिटरची सॅक इतक्यात मागवू नका. लिटर ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. खांदे दुखतात ते बहुतेक वेळा वजन जास्त म्हणून नव्हे, तर ते कमरेवर उतरलंच नाही म्हणून. नीट बसलेल्या सॅकमध्ये ७० ते ८० टक्के भार कमरेचं हाड घेतं आणि खांद्यांचे पट्टे सॅक फक्त पाठीला धरून ठेवतात.

पाठ मोजायला शिंप्याची टेप आणि मदतीला एक माणूस हवा. मान खाली घातली की मानेच्या बुडाशी एक हाड टचकन वर येतं, तो वरचा बिंदू. मग दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे. बोटांखाली जी हाडाची कड लागते त्या पातळीवर, दोन अंगठ्यांच्या मधोमध मणक्यावर खालचा बिंदू. टेप पाठीच्या बाकावरून न्यायची, ताणून सरळ धरायची नाही. मोठ्या माणसांचं माप साधारण ३८ ते ५३ सेंटीमीटरच्या दरम्यान येतं. उंचीवरून अंदाज बांधू नका. सारख्या उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब तर दुसऱ्याची पाठ लांब असते, आणि सॅकला पायांशी काही देणंघेणं नसतं.

आता हे माप सॅकच्या मापाशी जुळवायचं. काही सॅक एस, एम, एल अशा येतात, काहींत खांद्यांचे पट्टे वर-खाली सरकवता येतात. 'फ्री साइझ' एवढंच लिहिलेली आणि पट्टे एकाच जागी शिवलेली सॅक असेल, तर अंगावर घालून पाहिल्याशिवाय घेऊ नका. तुमची पाठ ४२-४३ सेंटीमीटरच्या आसपास आली, तर बायकांच्या मापाच्या सॅकही घालून बघा, मग तुम्ही पुरुष असा की स्त्री. त्यांची पाठ आखूड असते, खांद्यांचे पट्टे जवळ-जवळ असतात आणि कमरपट्टा तिरपा कापलेला असतो.

दुकानात रिकामी सॅक घालून आरशात बघण्याला काही अर्थ नाही. रिकामी असताना प्रत्येक सॅक छान वाटते. ८ ते १० किलो वजन भरायला सांगा. त्यांच्याकडे वजनाच्या पिशव्या नसतील तर दुकानातलेच तंबू, दोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घाला. मग सगळे पट्टे सैल करून सॅक पाठीवर घ्या आणि सुरुवात कमरेपासून करा. कमरपट्ट्याच्या गादीची मधली रेघ हाडाच्या कडेवर आली पाहिजे. पट्टा पोटावर चढला तर श्वास अडतो, खाली कुल्ह्यांवर घसरला तर पाय उचलताना अडतो. तो घट्ट आवळल्यावरच खांद्यांचे पट्टे ओढा, तेही गादी खांद्याला लागेपर्यंतच. त्यानंतर खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे दोन बारके पट्टे, म्हणजे लोड लिफ्टर, हलकेच ओढा. बाजूने पाहिल्यावर ते साधारण ४५ अंशात दिसले पाहिजेत. शेवटी छातीचा पट्टा गळ्याच्या हाडाच्या दोन-तीन बोटं खाली लावा, पण आवळू नका.

आता सोबतच्या माणसाला बाजूने बघायला सांगा. लोड लिफ्टर आडवे पडलेत किंवा खांद्याच्या खाली चाललेत, तर सॅक आखूड आहे आणि सगळा भार खांद्यावर येणार. खांद्याच्या माथ्यावर पट्टा आणि अंग यांच्यात फट दिसते आहे, तर सॅक लांब आहे आणि उतारावर ती मागेपुढे डोलणार. कमरपट्ट्याचं बक्कल लावल्यावर दोन्ही गाद्यांची टोकं समोर एकमेकांना टेकत असतील तर तो पट्टा मोठा आहे. ट्रेकमध्ये दोन-तीन दिवसांत पोट थोडं आत जातंच, मग आवळायला जागा उरत नाही.

बऱ्याच स्वस्त सॅकची खरी उणीव फ्रेमची असते, आणि ती बाहेरून दिसत नाही. पाठीच्या आत ॲल्युमिनियमची पट्टी, तारेची चौकट किंवा जाड प्लॅस्टिकचा पत्रा असतो. भार कमरेपर्यंत नेण्याचं काम त्याचं. फ्रेम नसेल तर दहाएक किलोच्या वर सॅक आपल्याच वजनाने खाली बसते, पाठीची लांबी कमी होते आणि कमरपट्टा कितीही आवळला तरी वजन खांद्यावरच लटकतं. तपासायला सोपं आहे. सॅक जमिनीवर उभी करा आणि वरून दोन्ही तळव्यांनी दाबा. पाठ घडी पडल्यासारखी वाकली तर ती सॅक एका रात्रीच्या मुक्कामापुरतीच. कमरपट्टाही बघा. नुसती नायलॉनची पट्टी नको, कुल्ह्याला वेढणारी कडक गादी हवी. बोटाने चेपल्यावर लगेच चपटी होणारा मऊ फोम दुकानात सुखाचा वाटतो, पण तिसऱ्या दिवशी त्याचा पापड होतो.

आता लिटरचं. आधी बाकीचं सामान जमवा, सॅक सगळ्यात शेवटी घ्या. सामान ३०×४०×५० सेंटीमीटरच्या खोक्यात भरा. ते खोकं बरोबर ६० लिटरचं असतं, त्यात सगळं मावलं तर ६० लिटर पुरे. आता वजन. तुमच्या बाबतीत अंदाज असा निघतो: स्लीपिंग बॅग १.६ किलो, अर्धा तंबू १.३, मॅट ०.४, गरम आणि पावसाळी धरून कपडे ३, पाच दिवसांचा कोरडा शिधा ३.२, स्टोव्ह-भांड्यांचा वाटा ०.७, टॉर्च-औषधं वगैरे ०.८, पाणी १.५ आणि सॅक स्वतः १.८. एकूण १४.३ किलो. शरीराच्या वजनाच्या २० टक्के हा सुखाचा आकडा मानतात, म्हणजे तुमचे ११.६ किलो. २५ टक्के धरले तर १४.५. तुम्ही अगदी काठावर आहात. ७० लिटरची सॅक घेतली की रिकामी जागा भरायचा मोह होतो आणि १६ किलो कधी झाले ते कळत नाही. ५५ ते ६० लिटर पुरे. तंबू आणि जेवण ट्रेक नेणारी संस्था देणार असेल तर ४५ लाही भागतं.

हीच सॅक सातपुड्यातही वापरणार असाल तर एक फरक लक्षात ठेवा. हर की दूनच्या वाटेवर ठिकठिकाणी पाणी मिळतं, ते शुद्ध करून प्यायचं, त्यामुळे दीड लिटर बाळगणं पुरतं. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर ओढे आटत जातात आणि ३-४ लिटर, म्हणजे तितकेच किलो, पाठीवर असतात. बाजूचे खिसे खोल असावेत आणि सॅक न काढता बाटलीपर्यंत हात पोचावा. मॅट बाहेर बांधायची सवय असेल तर ती उभी बांधा. आडवी मॅट घाणेरीच्या झुडपांत आणि बांबूत अडकते आणि फाटते. (व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत पायी जायचं तर वनखात्याची परवानगी लागते, ते आधी बघा.)

पाठीला ताणलेली जाळी असलेली सॅक की पाठीला चिकटणारी? आपल्या उकाड्यात जाळीने पाठ खरंच कोरडी राहते. पण जाळीमुळे सामान पाठीपासून काही सेंटीमीटर मागे जातं आणि तेवढंच मागे ओढतं. मुख्य वापर हिमालयात असेल तर मी पाठीला चिकटणारी घेईन. विदर्भ-सातपुड्यात जास्त फिरणार असाल तर जाळी.

पावसाचं कव्हर सोबत येतं म्हणून निर्धास्त राहू नका. ते बाहेरून झाकतं, पण पाठीवरून ओघळणारं पाणी आत जातंच. आत एक जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सगळं सामान त्यात भरा. स्लीपिंग बॅग तळाशी, शिधा-भांडी-पाणी असं जड सामान मधे पाठीला चिकटून, हलकं बाहेरच्या बाजूला. जड वस्तू बाहेर गेली की चांगली बसलेली सॅकही मागे खेचते.

सॅक घेतल्यावर लेबलं तोडू नका. १२ किलो तांदूळ-डाळ भरून घरात तासभर जिने चढा-उतरा. बोटांना मुंग्या आल्या तर खांद्यांचे पट्टे सैल करून कमरपट्टा आवळा. तरीही मुंग्या येतच राहिल्या तर माप चुकलंय, मुदतीत परत करा. कमरेच्या हाडावर नुसतं लाल झालं तर चालतं, साल निघत असेल तर पट्ट्याचा आकार तुमचा नाही. ठेवायची ठरलीच तर निघण्याआधी सेमिनरी हिल्सच्या चढावर दोन-तीनदा आणि एकदा रामटेकच्या गडाच्या पायऱ्यांवर भरल्या सॅकने चाला. सॅक कुठे घासते ते चढताना नाही, उतरताना कळतं.